१८० अर्ज, ९ फोन, ऑफर शून्य: गळती नेमकी कुठे आहे?

कोरी_पाटी

मंडळी, सांख्यिकीची पदवी हातात येऊन पाच महिने झाले. एक्सेल चांगलं येतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कामापुरतं, पायथन शिकाऊ. डेटा ॲनालिस्ट, रिपोर्टिंग, एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे अहवाल) अशा नावाच्या जागांना अर्ज चालू आहेत. आजचा हिशेब: अर्ज १८०, एचआरचे फोन ९, पुढची फेरी २, ऑफर ०. भरती सगळीकडेच थंडावली आहे हे दिसतंय, त्यामुळे रडगाणं नाही, तीन प्रश्न आहेत.

अर्जांची संख्या वाढवू का? "सीव्ही एटीएसमध्ये (कंपन्यांचं अर्ज हाताळणारं सॉफ्टवेअर) अडकतो" म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? आणि सहा महिन्यांच्या कंत्राटावर डेटा एंट्रीसारखं एक काम मिळू शकतं; ते घ्यावं की थांबावं?

"धीर सोडू नका" सोडून काहीही सांगा.

चाळणी

आधी आकडे. १८० वर ९ म्हणजे ५ टक्के. बाजार पडलेला असताना नवख्याच्या थेट अर्जांना एवढा प्रतिसाद वाईट नाही. खटकतं ते ९ वरून २. म्हणजे सीव्ही बघून लोक फोन करतायत आणि बोलल्यावर सोडून देतायत. सगळे सीव्हीच्या मागे लागतात, तुमची मोठी गळती फोनवर आहे.

तरी १८० हा एक आकडा म्हणून बघू नका. एक साधी शीट करा. रकाने: अर्जाची तारीख, जाहिरात किती दिवसांची होती, कुठून केला (एका क्लिकवर, कंपनीच्या साइटवर, कुणाच्या ओळखीतून), सीव्हीची कोणती आवृत्ती, उत्तर आलं का, कुठल्या टप्प्यावर थांबलं. मागचं आठवून भरा, मेलबॉक्समध्ये पोचपावत्या असतातच. मग मार्गानुसार फोन मोजा. त्याआधी संख्या वाढवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आता एटीएस. त्याच्याबद्दल भुताखेतांसारख्या गोष्टी पसरल्या आहेत. ते मुळात कपाट आहे, दारावरचा पहारेकरी नव्हे. आपोआप नकार बहुतेक वेळा सीव्ही वाचून येत नाही, फॉर्ममधल्या हो-नाही प्रश्नांवरून येतो: किमान दोन वर्षं अनुभव आहे का, अमुक तारखेला रुजू होऊ शकता का, या ठिकाणी काम करायची परवानगी आहे का. तिथे "नाही" पडलं की अर्ज बाजूला. अर्ज पाठवल्यावर पाच-दहा मिनिटांत नकार आला तर समजा कारण हेच. खोटं "हो" मारू नका, पहिल्या फोनमध्येच उघडं पडतं. त्या जाहिराती सोडून द्या.

पुढचा टप्पा माणसाचा. भरती करणारा शेकडो अर्ज वाचत नाही. आलेल्या क्रमाने बघतो किंवा शब्द टाकून शोधतो, आणि बोलावण्याइतकी दहा-पंधरा नावं जमली की थांबतो. पुढचे अर्ज कुणी नाकारलेले नसतात, कुणी उघडलेलेच नसतात. दोन आठवडे जुन्या जाहिरातीवर केलेला सुंदर अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं.

शोध शब्दावर चालतो, म्हणून जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा सीव्हीत असावा. संक्षेप आणि पूर्ण नाव दोन्ही, एकेकदा. मात्र पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायचा जो सल्ला फिरतो तो करू नका. मजकूर वेगळा काढला की ती अक्षरं इतरांसारखीच दिसतात.

एक चाचणी आजच करा. सीव्हीची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. जे दिसेल ते साधारण यंत्राला दिसतं. दोन रकान्यांचा सीव्ही असेल तर डावी-उजवीकडच्या ओळी एकमेकींत घुसतात, कौशल्यांच्या मध्ये पदवीचं साल येऊन बसतं. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये असेल तर काही प्रणाली तो सोडूनच देतात. डिझाइनच्या ॲपमधून काढलेल्या फाइलमध्ये कधीकधी काहीच चिकटत नाही, कारण ते अख्खं पान म्हणजे चित्र असतं. एक रकाना, साधी शीर्षकं, एक पान. कौशल्यांपुढच्या त्या पाचपैकी चार ताऱ्यांच्या पट्ट्या काढून टाका. "एसक्यूएल चार तारे" म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही.

कोरी_पाटी

शीट केली. अवघड नव्हतं, लाज वाटण्यासारखं निघालं.

एका क्लिकचे अर्ज १३१, फोन १. कंपनीच्या साइटवर, जाहिरात आल्यापासून दोन दिवसांत: अर्ज ३८, फोन ५. कॉलेजच्या सीनियर मंडळींनी नाव पुढे केलेले ११, फोन ३. बेरीज बरोबर जुळते.

पीडीएफ नोटपॅडमध्ये टाकल्यावर शिक्षणाचा भाग गायब, तो एका चौकटीत होता. फोनवरची माझी उत्तरं आठवून लिहिली: अपेक्षित पगार, "कंपनीच्या नियमाप्रमाणे". हेच पद का, "शिकायची इच्छा आहे". बाकी कुठे अर्ज केलेत, "सगळीकडे चालू आहे".

चाळणी

सांख्यिकीवाल्याला वेगळं सांगायला नको: ११ हा आकडा लहान आहे, २७ टक्क्यांवर हुरळून जाऊ नका. पण १३१ पैकी १ आणि उरलेल्या ४९ पैकी ८, हा फरक योगायोगाचा नाही. पहिला प्रश्न सुटला. संख्या वाढवायची नाही, मार्ग बदलायचा. एक क्लिक बंद. आठवड्याला दहा थेट अर्ज, सगळे ताज्या जाहिरातींना, आणि पाच माणसांना निरोप. वीसेक कंपन्यांची यादी करून त्यांच्या नोकरीच्या पानांवर सूचना लावून ठेवा. जाहिराती गोळा करणाऱ्या साइटवर काही जागा उशिरा येतात, काही भरल्यानंतरही लटकत राहतात.

फोन. दहा-पंधरा मिनिटांच्या त्या बोलण्यात एचआर तुमचं ज्ञान तपासत नाही. तिच्यापुढे पाच-सहा खुणा करायच्या असतात: पगार बजेटमध्ये बसतो का, कधी रुजू होणार, ठिकाण चालेल का, काम काय आहे हे माणसाला माहीत आहे का, नीट बोलतो का. मॅनेजरकडे नाव पाठवताना तिला एक ओळ लिहावी लागते. ती ओळ तुम्ही द्यायची. "शिकायची इच्छा आहे" यातून ओळ तयार होत नाही. "जाहिरातीत मासिक अहवाल आणि जुळवणी लिहिली आहे, दोन फाइलींतल्या नोंदी जुळवून फरक शोधायचं काम प्रोजेक्टमध्ये केलंय, तेच रोज करायचं आहे," यातून होते.

पगाराला "नियमाप्रमाणे" म्हणालात की तिच्या रकान्यात काहीच पडत नाही. त्या पदाला नवख्यांना साधारण किती देतात ते दोन-तीन ठिकाणी बघून ठेवा आणि पट्टा सांगा. खालचं टोक असं ठेवा की तेवढ्यावर खरंच रुजू व्हाल. किंवा उलट विचारा: "या पदासाठी किती ठरलंय ते सांगाल का? बसत असेल तर लगेच हो म्हणेन." मंदीत पट्टे खाली सरकतात, गेल्या वर्षीच्या बॅचचा आकडा धरून बसू नका.

शेवटी तुमचा एक प्रश्न हवाच: ही जागा मंजूर झालेली आहे का, की पुढच्या भरतीसाठी नावं गोळा होतायत? आणि कुणाच्या जागी आहे की नवी? हे विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. "नवी, मंजुरी यायची आहे" असं उत्तर आलं तर त्यावर भिस्त ठेवू नका. अशा काळात नव्या जागा आधी गोठतात. गेलेल्या माणसाच्या जागी घेत असतील तर काम तिथे साचलेलं असतं, निर्णय पटकन होतो.

अनोळखी नंबर आला आणि आजूबाजूला गोंगाट असेल तर "पंधरा मिनिटांनी मी फोन करू का" म्हणा. जाहिरात उघडून बसा, मग बोला.

सीव्हीतली एक ओळ दुरुस्त करून दाखवतो, बाकीच्या तुम्ही करा. बहुतेकांची अशी असते:

"डेटा क्लीनिंग आणि ॲनालिसिसचा प्रोजेक्ट केला."

ती अशी हवी:

"विक्रीच्या ४२,००० नोंदींतल्या दुबार नोंदी काढल्या, तीन पद्धतींनी लिहिलेल्या तारखा एसक्यूएलने एकसारख्या केल्या, हाताने ३ तास लागणारा साप्ताहिक अहवाल एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीने १० मिनिटांत."

आकडे अर्थात तुमचे, खरे. दुसऱ्या फेरीत पहिला प्रश्न याच ओळीवर येतो: दुबार कशाला म्हटलं? नाव आणि तारीख जुळली की झालं? एकाच दिवशी एकाच ग्राहकाने दोनदा खरेदी केली असेल तर? ज्या ओळीवर पाच मिनिटं बोलता येत नाही ती खोडा.

दुवासाधू

ओळखीच्या मार्गाबद्दल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की नव्या संधीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये लिंक्डइनवरचा मोठा प्रयोग छापून आला, दोन कोटींहून जास्त लोकांवरचा. त्यात थोडी बारीक भर पडली: अगदी जुजबी ओळख नाही, अगदी घट्टही नाही, मधली सर्वांत कामाची. म्हणजे दोन वर्षं पुढे असलेली सीनियर, प्रोजेक्टला मार्क देणारा बाहेरचा परीक्षक, इंटर्नशिपमधला शेजारच्या टेबलावरचा माणूस. तुमचे ते ११ याच जातीचे आहेत. ते ३० कसे होतील ते बघा.

"काही जागा असेल तर कळवा" हा निरोप वाया जातो. समोरच्याला काय करायचं ते कळत नाही, मग तो "हो नक्की" म्हणून विसरतो. त्याऐवजी:

"नमस्कार. तुमच्याकडे रिपोर्टिंग ॲनालिस्टची जागा परवा निघाली आहे, मी अर्ज करणार आहे. जाहिरातीत महिनाअखेरच्या अहवालाचा उल्लेख आहे. तो एक्सेलमध्ये होतो की थेट डेटाबेसवरून? त्यानुसार कामाचा नमुना जोडेन. एका ओळीत सांगितलंत तरी पुरे."

याला उत्तर देणं सोपं आहे, म्हणून मिळतं. उत्तर आलं की दुसऱ्या निरोपात जागेचा क्रमांक, सीव्ही आणि तुमच्याबद्दल तीन तयार ओळी पाठवा, म्हणजे त्याला नुसतं चिकटवून पुढे करता येईल. नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण, मग विषय बंद.

क्रम चुकवू नका. बऱ्याच कंपन्यांत तुम्ही आधी स्वतः अर्ज केला असेल तर कर्मचाऱ्याची शिफारस नोंदलीच जात नाही. ओळख असेल तिथे आधी निरोप, दोन दिवस वाट, मग अर्ज. दोन दिवसांपेक्षा जास्त मात्र थांबू नका, वर चाळणी यांनी सांगितलेलं घोडं आणि वरात आहेच.

मंदीचा_हिशेब

कुठे शोधायचं यावर फारसं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पैसा आटला की कंपनी वाढीच्या जागा बंद करते: नवं उत्पादन, नवा प्रांत, मार्केटिंग. जे काम न केल्यास पैसे अडकतात किंवा दंड बसतो ते चालूच राहतं. थकबाकी वसुली, बिलिंग, खात्यांची जुळवणी, ऑडिटची तयारी, नियामकाला जाणारे अहवाल, साठ्याचं नियोजन, तक्रारींचं वर्गीकरण. या सगळ्यांना एक्सेल आणि एसक्यूएल येणारी माणसं लागतात, पण जाहिरातीत "डेटा ॲनालिस्ट" हे शब्द नसतात, म्हणून गर्दी कमी. शोधताना रिकन्सिलिएशन (जुळवणी), इन्व्हेंटरी (साठा), प्लॅनिंग असिस्टंट, ऑपरेशन्स रिपोर्टिंग, कम्प्लायन्स (नियमपालन) हे शब्द टाकून बघा. पद नको, काम वाचा.

कंत्राटाबद्दल: माझं मत, घ्या. कॅनडातल्या पदवीधरांच्या नोंदींवर ओरिओपोलोस, फॉन वाख्टर आणि हाइस यांचा अभ्यास आहे, २०१२ चा. मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांनी कमी होती, पाच वर्षांत तो खड्डा निम्म्यावर आला आणि दहा वर्षांत बुजला. बुजण्याची मोठी वाट होती हळूहळू जास्त चांगल्या कंपन्यांत जाण्याची. पहिली नोकरी लहान असणं चालतं, तिथे चिकटून बसणं महागात पडतं.

तिरकी_रेघ

इतकं सरळ नाही. अमेरिकेत नव्या पदवीधरांच्या नावाने बनावट सीव्ही पाठवून केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसतं बेकार असल्याने फोन फारसे घटले नाहीत. पदवीची गरज नसलेल्या कामात अडकलेल्यांचे मात्र घटले. डेटा एंट्रीचा शिक्का बसला तर सहा महिन्यांनी धागाकर्ते आजच्यापेक्षा मागे असतील.

मंदीचा_हिशेब

@तिरकी_रेघ, मुद्दा मान्य. दुसऱ्या बाजूलाही एक आहे: क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांच्या २०१३ च्या तशाच प्रयोगात बेकारी लांबली तसे फोन कमी झाले, आणि घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत. पण जिथे रोजगार आधीच आटला होता तिथे ती सौम्य होती. सगळेच थांबलेले असले की मोकळ्या काळाचा ठपका एकट्यावर येत नाही. म्हणजे कसलंही काम घ्यायची घाई नको, तुमच्या बाजूने मी थोडा सरकतो. निकष एवढाच: काम अपेक्षित पदाच्या शेजारचं आहे का. धागाकर्ते, त्या कंत्राटात दिवसभर नेमकं काय करायचं आहे ते विचारलंत का? "डेटा एंट्री" या नावाखाली काहीही असतं.

सावधान_मोड

विषय निघालाच आहे तर. मंदीत फसवणुकीच्या जाहिराती वाढतात, आणि पाच महिने थांबलेला माणूस सोपं सावज असतो. मुलाखत न घेता ऑफर. लॅपटॉप, प्रशिक्षण किंवा पडताळणीच्या नावाने आधी पैसे. "जास्त रक्कम चुकून आली, फरक परत पाठवा". फक्त चॅटवर भरती. यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. मेलच्या पत्त्यात @ च्या पुढचा भाग अक्षर-अक्षर वाचा, मधेच एक जादा रेघ किंवा बदललेलं अक्षर असतं. शंका असेल तर मेलमधल्या नंबरवर नको, कंपनीच्या साइटवरच्या मुख्य नंबरवर फोन करून जागा आहे का विचारा. बँकेचा तपशील आणि ओळखपत्राच्या प्रती लेखी ऑफरनंतरच, त्याआधी कुणालाही गरज नसते.

फुकट "चाचणी काम" हाही एक प्रकार. दोन-तीन तासांचं ठीक. खरा डेटा देऊन आठवड्याचं काम सांगितलं तर तो फुकट मजूर शोधतोय.

कोरी_पाटी

विचारलं. दोन प्रणालींतून रोज निघणाऱ्या फाइली जुळवायच्या, न जुळणाऱ्या नोंदी शोधून कारणाचा कोड टाकायचा. दिवसाला साधारण ३०० नोंदी. सगळं एक्सेलमध्ये, हाताने. डेटाबेसला हात लावू देणार नाहीत. मुदत सहा महिने, पुढे वाढवतील की नाही सांगता येत नाही म्हणाले. करार एजन्सीबरोबर आहे.

तिरकी_रेघ

ही जुळवणी आहे, डेटा एंट्री नाही. माझा आक्षेप मागे.

चाळणी

घ्या. सीव्हीत पदाचं नाव करारात आहे तेच लिहा, पडताळणीत तेच बघतात. खालच्या ओळी मात्र तुमच्या. पहिल्या दिवसापासून मोजत जा: रोज किती नोंदी जुळत नाहीत, कोणत्या कारणाने, किती वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत दिसेल की बहुतांश फरक चार-पाच ठरावीक कारणांनी येतात (तारखेचा उलटा क्रम, आधीचे शून्य गळलेले खातेक्रमांक, पैशांच्या गोलाईतला फरक, दुबार पाठवलेली फाइल). त्यावर पॉवर क्वेरीने जुळवणी बसवा, पण सुपरवायझरला विचारून, आणि पहिले दोन आठवडे हाताच्या कामाशी ताडून. खातेक्रमांकाचा रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर शून्यं तुम्हीच गाळाल. फाइली घरी न्यायच्या नाहीत, स्वतःच्या मेलवर पाठवायच्या नाहीत. नमुना दाखवायचा असेल तर बनावट नोंदींवर तेच परत बांधा.

शोध थांबवायचा नाही. आठवड्याला दहाऐवजी चार अर्ज, निरोप पाचच ठेवा. मुलाखतींसाठी सुट्टीचं काय, हे रुजू व्हायच्या आधी विचारा. नंतर पुढची ऑफर आली तरी ती लेखी हातात पडून रुजू होईपर्यंत बाकीच्या फेऱ्या रद्द करू नका. अशा काळात ऑफर मागे घेतल्या जातात, तारखा पुढे ढकलल्या जातात.

एजन्सीच्या करारात तीन गोष्टी शोधा. पगार कोण देणार आणि किती दिवसांनी: काही ठिकाणी मूळ कंपनीकडून पैसे आल्यावरच देतात, म्हणजे पहिला पगार दोन महिन्यांनी. मूळ कंपनीला तुम्हाला कायम करायचं झालं तर एजन्सी आडवी येते का. आणि मुदतीआधी सोडल्यास काय, नोटीस किती, प्रशिक्षणाचा खर्च मागतात का. या तिसऱ्या कलमात गोची असते. सही करायच्या आधी ते कलम, नावं खोडून, जसंच्या तसं इथे टाका.